पिंपांतील बिअर आणि मोहाची भट्टी

नरखेडचा प्रवासी आगगाडीनें नागपूरमार्गें मुंबईस जाऊन ताजी बिअर धुंडाळूं लागला, तर त्याच्यापुढें बहुधा बाटलीच येते. पूर्वीं मात्र ह्याच बंदरांत बिअर लाकडी पिंपांतून उतरत असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडननजीकच्या बो येथील हॉजसन ह्याच्या कारखान्यांतील ‘एल’ आफ्रिकेस वळसा घालून हिंदुस्थानांत येई. प्रवासास कित्येक महिने लागत. हॉप नांवाच्या कडू फुलांमुळें ती नासत नसे. पुढें १८५५ सालीं एडवर्ड डायर ह्यानें कसौलीस बिअर काढण्यास आरंभ केला.

ह्याच काळीं नागपूर प्रांतींचा रानकरी मोहाचीं फुलें वेंचून दारू गाळी. अबकारीचा अंमल आला (मुंबई इलाख्याचा कायदा १८७८ चा) आणि परवान्यावांचून घरची भट्टी लावणें गुन्हा ठरलें. साहेबाचें पिंप प्रतिष्ठित, रानकऱ्याचें मडकें मात्र जप्तीस पात्र!

पुण्यास २००९ सालीं ‘डूलाली’ ही लहान भट्टी निघाली, आणि जागच्या जागीं आंबविलेली ताजी बिअर मिळूं लागली. हें नांव देवळालीच्या लष्करी छावणीवरून पडलें आहे. पिंपाचा मान असा परतला. मडक्याचा न्याय अद्याप व्हावयाचा आहे, हें श्रोत्यांनीं ध्यानीं ठेवावें.