मोटारसायकलचं लायसन काढताय? सरकारी फी ९०० रुपये, पण एकूण खर्च किती धरायचा?

बीड : जिल्ह्यात घरटी एक तरी मोटारसायकल आहे, पण लायसन विचारलं की बरेच जण इकडं-तिकडं बघतात. "एजंट लई पैसे मागतो" हे नेहमीचं कारण. म्हणून सरकारी फी नेमकी किती, वरखर्च कुठं होतो आणि पैसे कधी वाया जातात, याचा हा हिशेब.

आधी फी बघू. केंद्राच्या नियमाप्रमाणे एका प्रकारच्या गाडीसाठी लर्निंग लायसनचे १५० रुपये आणि त्याच्या परीक्षेचे ५० रुपये लागतात. पक्क्या लायसनला चाचणीचे ३००, लायसनचे २०० आणि स्मार्ट कार्डचे २०० रुपये. सगळं मिळून ९०० रुपये. सारथी पोर्टलवर पैसे भरताना रुपया-दोन रुपयांचा फरक आणि टपालाचे थोडे पैसे वर दिसतील, कारण कार्ड टपालानं घरी येतं. एजंट हजारांत आकडा सांगायला लागला की त्यातले सरकारजमा होणारे किती, एवढंच त्याला विचारा.

लर्निंगसाठी आता आरटीओत जायची गरज नाही. जून २०२१ पासून राज्यात आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देता येते. आधी वाहतूक नियमांचा व्हिडिओ बघायचा, मग मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न सोडवायचे. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. नापास झालात तर पुन्हा ५० रुपये भरून परीक्षा देता येते. अडचण एकच, आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, नाहीतर ओटीपीच येत नाही. आधार केंद्रावर नंबर बदलायला ७५ रुपये लागतात. फॉर्म भरणं जमत नसेल तर गावातल्या सीएससी केंद्रावर शे-दीडशे रुपये देऊन भरून घ्या, पण परीक्षा स्वतःच द्या.

वय ४० च्या पुढं असेल तर नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरची फी वेगळी धरा. त्याहून लहान असाल तर स्वतःचं घोषणापत्र पुरतं.

खरा खर्च पक्क्या लायसनच्या दिवशी होतो. चाचणी बीड किंवा अंबाजोगाईच्या कार्यालयात असते. आरटीओचे अधिकारी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरालाही येतात. अपॉइंटमेंट घेताना आधी आपल्या जवळचं शिबिर आहे का ते बघा. तारखा लवकर भरतात, पण आठ-दहा दिवस थांबून तालुक्यातच चाचणी झाली तर परवडतं. जिल्ह्याला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होत असतील, तर मोटारसायकलला तीन लिटर पेट्रोल लागणार, म्हणजे तीनशेच्या वर गेलेच. शिवाय लर्निंगवर एकट्यानं गाडी न्यायची नाही, मागं पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला पाहिजे. म्हणजे त्या दिवशी दोघांची हजेरी बुडाली. पेट्रोल आणि फी सगळे धरतात, ही मजुरी मात्र कुणी धरत नाही. ओळखीच्या कुणाची गाडी तिथंच मिळणार असेल तर एसटीनं गेलेलं बरं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.

चाचणीला नेलेल्या गाडीची कागदपत्रं चालू पाहिजेत, मग गाडी तुमची असो की मेव्हण्याची. आरसी, विमा, पीयूसी तिन्ही लागतात. दुचाकीची पीयूसी ५० रुपयांत होते. विमा संपलेला असेल तर मात्र मोठा खर्च आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचा २०२२ पासूनचा दर ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. हे आदल्या रात्री लक्षात येऊन उपयोग नाही. आणि हेल्मेट. चाचणीलाही ते लागतं आणि पुढं रोजच लागणार आहे. आयएसआय शिक्क्याचं साधं हेल्मेट हजाराच्या आसपास धरा. रस्त्याच्या कडेचं दोन-अडीचशेचं टोपलं घेऊ नका.

आठचा आकडा काढताना पाय टेकला की नापास. मग सात दिवस थांबायचं, पुन्हा ३०० रुपये, पुन्हा पेट्रोल, पुन्हा हजेरी. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. त्यापेक्षा खळ्यावर नाहीतर शाळेच्या मैदानात चुन्यानं आठ आखा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आठवडाभर फिरवा. पैसे वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. लर्निंग सहा महिनेच चालतं आणि पक्क्यासाठी तीस दिवसांनंतरच अर्ज करता येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लर्निंग काढून टोळी कारखान्यावर गेली, तर मार्च-एप्रिलला परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते किंवा संपत आलेली असते. संपली की पुन्हा २०० रुपये आणि पुन्हा परीक्षा. त्यामुळं पाडव्याच्या आगंमागं गावी आलात की लगेच लर्निंग काढा आणि पेरणीच्या आधी, मे-जूनमध्ये पक्कं करून घ्या. सहा महिन्यांची मुदत आरामात पुरते.

घरात ट्रॅक्टर असेल तर हलक्या मोटार वाहनाचा प्रकारही सोबतच टाका. कायद्यातल्या हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत साडेसात हजार किलोपर्यंतचा ट्रॅक्टर येतो. जादा १५० लर्निंगचे आणि ३०० चाचणीचे, म्हणजे ४५० रुपये वाढतात. कार्ड एकच असल्यानं त्याचे पैसे दोनदा लागत नाहीत. चारचाकी चालवायचा सराव नसेल तर मात्र घाई करू नका, ड्रायव्हिंग स्कूलचा खर्च वेगळा आहे.

सोळा वर्षांच्या पोराचं लायसन निघतं का, असं बरेच जण विचारतात. निघतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. दारातली स्कूटी ११० नाहीतर १२५ सीसीची असते, तिला ते चालत नाही. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

मोठ्या माणसानं विना लायसन चालवली तर दंड ५ हजार, आणि त्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही ५ हजार. पण दंडापेक्षा मोठं नुकसान अपघात झाल्यावर कळतं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, त्याला वैध लायसनची अट आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. मयत स्वतः गाडी चालवत असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यायच्या कागदांत वैध लायसन मागितलं जातं. ते नसेल तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा सगळं असूनही प्रस्ताव अडतो. घरच्यांना हे कळतं तेव्हा लायसन काढायची वेळ निघून गेलेली असते.

तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नास वयात काढलं तर दहा वर्षं. अठराव्या वर्षी काढलं तर ९०० रुपयांत बावीस वर्षं निघतात. कार्ड हातात यायच्या आधीच ते डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दिसायला लागतं आणि पोलिसांना तेवढं दाखवलं तरी चालतं. ही ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. आरटीओच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल उघडू नका, बँक खातं रिकामं करायला तेवढी एक फाईल पुरते.