सारख्या चुकांची साक्ष

परीक्षेंतील लबाडी पकडणें म्हणजे बाकाखालची चिठ्ठी पकडणें, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु ज्या लबाडीस साक्षीदारच नाहीं, ती सिद्ध कशी करावयाची? हा प्रश्न मुंबईंत १९९० सालीं उभा राहिला. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतचीं मुलें ज्या विभागीय मंडळाच्या कक्षेंत येतात, त्याच मंडळाला मार्चच्या शालांत परीक्षेनंतर नियामकांच्या गुणपत्रकांत फेरफार आढळला आणि २८३ विद्यार्थ्यांचे निकाल रोखले गेले.

गुण बदलले गेले, हें मुलांनीं नाकारलें नाहीं. नाकारला तो त्यांतील आपला व आपल्या पालकांचा हात. बदलतांना पाहणारा तर कोणीच नव्हता. उच्च न्यायालयानें मंडळाचा हुकूम रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९९१ सालीं मंडळाची बाजू उचलून धरली. अशा प्रकरणीं प्रत्यक्ष पुरावा क्वचितच हातीं लागतो. तेव्हां परिस्थिति पाहून, अधिक संभवनीय काय तें ठरवावें, असा त्याचा अभिप्राय पडला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचें वर्ष अनुमानावर बुडावें, हें कोणासही सुखाचें वाटणार नाहीं. पण ज्यानें रात्री जागून प्रामाणिकपणें गुण मिळविले, त्याच्याकडेही पाहिलें पाहिजे.

अनुमानाची ही रीत पर्यायी उत्तरांच्या परीक्षेंत अधिकच उपयोगी पडते. १९२७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स बर्ड या मानसशास्त्रज्ञानें तिचा मार्ग दाखविला. दोन अभ्यासू मुलांचीं बरोबर उत्तरें जुळणारच. त्यांत नवल तें कोणतें? पाहावयाच्या त्या चुका. चार पर्यायांपैकीं चुकीचे तीन. दोघेही दहा प्रश्न चुकले आणि दोघांनीं केवळ अंदाजानें खुणा केल्या असतील, तर दहाही ठिकाणीं तीच चूक जुळण्याचा संभव ५९,०४९ मध्यें एक! मात्र येथें घाई नको. एखादा पर्याय इतका फसवा असतो कीं अर्धा वर्ग त्यालाच भुलतो. एकाच शिक्षकानें चुकीचें शिकविलें, तर सारा वर्गच एका वाटेनें चुकतो. म्हणून त्या जोडीच्या चुका इतर अनेक जोड्यांच्या चुकांशीं ताडून पाहाव्या लागतात. शिवाय कोणी कोणाचें पाहिलें, हें नुसत्या आंकड्यांवरून कळत नाहीं. त्यासाठीं बसण्याचा नकाशा हवा. मुलें एकमेकांपासून दूर बसलेलीं निघालीं, तर संशय दुसरीकडेच वळवावा लागतो.

कारण लबाडी परीक्षागृहांतच होते असें नाहीं. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेनें जानेवारी २०२० मध्यें घेतलेली शिक्षक पात्रता परीक्षा याच पर्यायी पद्धतीची होती आणि खुणा वाचणारें यंत्र होतें. यंत्रास लोभ नसतो खरा. पण यंत्रानें दिलेले गुण पुढें माणसांच्याच हातून गेले. डिसेंबर २०२१ मध्यें पोलिसांनीं तें प्रकरण उघडकीस आणलें, परिषदेच्या आयुक्तांसही अटक झाली, आणि २०२२ सालीं सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. मुलांच्या चिठ्ठ्या ज्यांनीं पकडावयाच्या, त्या शिक्षकांचीच ती परीक्षा होती.