नाडी मंदावते तेव्हा

मंडळी, मच्छीमार नगरात बोलायला उभा आहे, तर आधी एक खुलासा करतो. कफ परेडमधला कफ हा वैद्यकातला कफ नव्हे; सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ साहेबांचं ते नाव. आजचा विषय मात्र त्या दुसऱ्या कफाशेजारचा. शार्ङ्गधरसंहितेत कफाची नाडी हंस-पारव्याच्या चालीची सांगितली आहे, आणि जी थांबत थांबत चालते ती प्राणघातक. म्हणजे नुसती संथ नाडी वेगळी आणि अडखळणारी वेगळी, हा विवेक आपल्याकडे जुनाच.

आता औषधांचा इतिहास पाहा. 1785 साली इंग्लंडात विल्यम विदरिंगने डिजिटॅलिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं. मूळ काढा एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती पाठातला. विदरिंगने त्यात मोलाची भर घातली ती थांबण्याच्या नियमाची: नाडी, पोट किंवा लघवीवर परिणाम दिसला की औषध बंद. 1930 मध्ये त्याच कुळातलं डिगॉक्सिन हाती आलं. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. वयानुसार मूत्रपिंड थकलं की तोच डोस अंगात साचतो, आणि धावतं हृदय आवरणारं औषध त्याला अडखळायला लावतं.

आपल्या मुंबईचा वाटाही सांगतो. परळच्या केईएमशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावरचा सर्पगंधेचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष वेधलं. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. तेही रक्तदाबाबरोबर नाडी मंदावतं.

उलट दिशेने काय झालं? मंद नाडीच्या रोग्याला घेरी येते, हे डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्सने 1827 मध्ये आणि विल्यम स्टोक्सने 1846 मध्ये नोंदवलं. नाडी वाढवायला ॲट्रोपिन आलं, पुढे आयसोप्रिनालिन. पण ॲट्रोपिनने वृद्धांचं तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, भ्रम होतो. आणि दोन्हींचा असर तात्पुरता. म्हणूनच 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. यंत्र काही तासांतच बंद पडलं. माणूस मात्र पुढची यंत्रं लावून 86 वर्षं जगला.

थोडक्यात, हृदय आवरणारी औषधं दोनशे वर्षांत पुष्कळ झाली. रोज घ्यावं आणि मंद हृदय नीट चालावं असं भरवशाचं एकही नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाची नाडी मंद झाली की पहिला प्रश्न 'कोणतं औषध द्यायचं' हा नसतो. 'कोणतं चालू आहे', हा असतो.

आमच्या नात्यातले एक काका मोरीत चक्कर येऊन पडले. नाडी चाळीसच्या खाली. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, हृदयाची दुसऱ्यांची, आणि दोन्ही नाडी मंदावणाऱ्या. कुणी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्याच नव्हत्या. दवाखान्यात डोस बदलले, काका सावरले. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना पेसमेकरच लागतो.

पण मनाने गोळी बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर हृदय उलट उसळतं. घरच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरांसमोर ओता. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. औषध सांगणं माझं काम नव्हे. प्रश्नांचा क्रम चुकला की उत्तर चुकतं, एवढं मात्र खात्रीने सांगतो. थांबतो इथे.