पहिला पेला कोणाच्या हातचा?

दारूचा इतिहास म्हटला की राजेरजवाडे आणि त्यांचे विलास आपल्या डोळ्यांपुढे येतात. वाचकहो, मी मात्र तुमच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवणार आहे. माणूस आयुष्यातला पहिला पेला कोणाच्या हातून घेतो? आपल्या मुलखात गेल्या दीडशे वर्षांत हा हात पुन्हापुन्हा बदलला, आणि त्याची किंमत बहुधा गरिबाने मोजली.

पहिला हात घरचा. ठाण्याच्या जंगलपट्टीत मोहाची फुले वेचून घरोघर दारू गाळीत. ती लग्नाला लागे, देवालाही लागे. किनाऱ्यावर भंडारी माडी काढीत. त्या काळी सारे आलबेल होते असे मुळीच नाही. झिंगलेला माणूस तेव्हाही घरात मारझोड करीतच असे. पण पेल्यात काय आहे आणि ते कोणी गाळले, एवढे तरी ठाऊक असे.

मग १८७८ साली मुंबई आबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली. उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांतून दारू निघू लागली आणि मक्तेदाराच्या गुत्त्यात विकली जाऊ लागली. माडीच्या झाडावरही कर बसला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. आता खप जितका जास्त, तितकी तिजोरी भरणार! पाजणाऱ्यालाच पिणाऱ्याच्या नादात नफा दिसू लागला.

याला विरोध झाला नाही असे नाही. पुण्यात दारूची दुकाने वाढताना पाहून जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेला खडसावले. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधन झाले. पण मला विशेष वाटते ते १९२२ चे. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये ‘देवी’ अंगात येऊ लागली आणि सांगू लागली, दारू सोडा. पाहता पाहता ही लाट डोंगरातल्या आदिवासींत आणि पुढे सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. ज्यांना अडाणी म्हटले जाई, त्यांनीच मक्तेदाराचे गणित ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर दारूबंदी आली. हेतू चांगलाच होता. परंतु तहान कायद्याने आटत नाही. गुत्ता बंद झाला आणि हातभट्टी ओढ्याकाठी, झोपडपट्टीत जाऊन लपली. पुढे १९६० नंतरच्या काळात बंदी सैल झाली, परवान्यावर दारू मिळू लागली. तरी स्वस्त चोरटी दारू गेली नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. रंगाने, वासाने ते ओळखू येत नाही. शरीरात त्याचे विषारी आम्ल बनते आणि डोळ्यांची नस जळते.

आता आजचे सांगतो. महाराष्ट्रात दारूच्या परवान्याला २५ वर्षे पुरी लागतात, बिअर व वाइनला २१. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर बंदीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले, की दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. तेव्हा न पिणे हेच उत्तम, आणि मित्रांच्या घोळक्यात ‘नको’ म्हणणे हा काही भित्रेपणा नव्हे.

तरीही वयात आलेल्या कोणी घ्यायचेच ठरवले, तर सीलबंद बाटलीचीच घ्यावी. जेवून, थोडी, सावकाश, सोबत पाणी. पैज लावू नये. गाडीला, विहिरीला, नदीला त्या दिवशी रामराम. झोपेच्या गोळ्यांबरोबर कधीच नाही. लिंबूपाण्याने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने नशा उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करते. कोणी बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवा, एकटा सोडू नका, दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी दिसेनासे झाले, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर ‘उतरेल’ म्हणून थांबू नका. त्या वेळी तासातासाला मोल असते.

शिक्षक मंडळींना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांशी हे उघडपणे बोला. आपण बोललो नाही, तर त्यांचा पहिला धडा हातभट्टीवाला देईल.