फाट्यापाशी बसणारा गाळ

बुलढाण्यात माणसाचा पत्ता दोन शब्दांत सांगून होतो: घाटावरचा की घाटाखालचा. अजिंठ्याच्या रांगेची ती कड पाण्याचीही वाटणी करते. कडेच्या उत्तरेला पडलेला पाऊस नळगंगेतून, विश्वगंगेतून पूर्णेला आणि पुढे तापीला जातो. दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगा किंवा खडकपूर्णा धरतो आणि शेवटी गोदावरीला मिळतो. पूर्णा नावाच्या नद्याही आमच्याकडे दोन आहेत, एक घाटाखाली आणि एक पार दक्षिणेला. प्रवाह दुभंगतो म्हणजे काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

ज्याचं शेत कालव्यावर भिजतं त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. मुख्य कालव्यातून चारी फुटते त्या तोंडाशी गाळ आधी बसतो. सरळ अंगात पाणी धावतं. फाट्यापाशी मात्र ते एका काठाला रेंगाळतं, गोल फिरतं आणि अंगावरचं ओझं तिथेच टाकून पुढे जातं. म्हणून फावडं पहिल्यांदा तिथे लागतं. १९२६ साली बुले नावाच्या जर्मन संशोधकानं हे प्रयोगात मोजून दाखवलं. फाट्याला पाण्याचा जेवढा वाटा मिळतो, त्याहून तळाच्या वाळूचा वाटा कितीतरी मोठा असतो.

त्याच १९२६ साली अमेरिकेत सेसिल मरे हा शरीरशास्त्रज्ञ रक्तवाहिन्यांच्या फाट्यांचा हिशेब मांडत होता. वाहिनी रुंद असेल तर तिच्यात भरायला जास्त रक्त पोसावं लागतं. अरुंद असेल तर रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लागतो. दोन्ही खर्च मिळून कमीत कमी व्हावेत असा मेळ त्यानं शोधला: मूळ वाहिनीच्या त्रिज्येचा घन हा फाट्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेइतका. म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाच्या धमनीला दोन सारखे फाटे फुटले, तर प्रत्येक फाटा साधारण ३.२ मिलिमीटरचा असावा. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो आडवा येणार आहे.

हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत ती उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवल्यावर फाट्यापाशी रक्त कसं वाहील, हे आज संगणकावर आधीच पाहता येतं. या तंत्राच्या कुळाचा शोध घेताना मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की, वाहत्या द्रवाचं काही गणित मुळात रक्तासाठीच जन्मलं. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त ८ फुटांवर चढतं हे जगापुढे मांडलं. १७७५ साली ऑयलरनं धमन्यांतल्या रक्ताची समीकरणं लिहिली आणि ती सोडवण्याच्या अडचणी ओलांडता येण्यासारख्या नाहीत, असं स्वतःच नोंदवलं. तो निबंध छापून निघाला १८६२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७९ वर्षांनी. प्वाझय हा तर शिकलेला वैद्य. सूक्ष्म वाहिन्यांतलं रक्त समजावं म्हणून १८४० च्या सुमारास त्यानं केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून पाहिलं. व्यास निम्मा झाला की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, हा त्याचा नियम आज पाइपांचा हिशेब करणारे अभियंते रोज वापरतात.

नाव्हिए आणि स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्रवाच्या गतीची पूर्ण समीकरणं दिली. पण कागदावर ती सुटतात सरळ नळीसाठी. नळीला फाटा फुटला की कागद संपतो.

इथे या कुळात एक मराठी माणूस येतो, आणि त्याचं नाव आपल्याकडे जितक्या घरांत ठाऊक असायला हवं तितक्या घरांत नाही. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा, पुण्यातला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग मुंबईची आयआयटी, आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली डॉक्टरेट. १९७२ साली या गुरुशिष्यांनी जी रीत प्रसिद्ध केली, तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की शब्द होतो ‘सिंपल’.

अडचण अशी होती. वाहिनीच्या पोकळीचे लाखो बारीक कप्पे पाडले, तर प्रत्येक कप्प्यातला वेग शेजारच्या दाबांवर ठरतो. पण दाब स्वतः कशावर ठरतो, हे सांगणारं वेगळं समीकरणच नाही. हाती एवढीच अट असते की कप्प्यात जेवढं आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. पाटणकर आणि स्पॉल्डिंग यांनी सांगितलं: दाब आधी अंदाजानं धरा. त्यावरून वेग काढा. आवक-जावक जुळणार नाही. जिथे जेवढी जुळत नाही, त्यावरून दाबाची दुरुस्ती काढा आणि पुन्हा वेग काढा. असं जुळेपर्यंत करत राहा.

आमच्याकडचा मुरलेला पाटकरी हेच करतो. कालव्याचं दार अंदाजानं उचलायचं, शेवटच्या टोकाला, टेलला, पाणी किती पोचलं ते बघायचं, परत येऊन दार चार बोटं खाली-वर करायचं. चार फेऱ्यांत पाणी बसतं. फरक इतकाच की संगणक अशा हजारो फेऱ्या मारतो, आणि दर फेरीत लाखो दारं हलवतो.

पाटणकर यांचं १९८० चं पुस्तक उष्णता आणि द्रवप्रवाह यांच्या गणनेचं आहे. ते पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवत राहिले, आणि त्यांच्या रीतीच्या पोटी अनेक सुधारित रीती झाल्या. इंपीरिअल कॉलेजातच पुढे जन्मलेली ‘ओपनफोम’ ही प्रणाली २००४ पासून सर्वांना मोफत आहे आणि तिच्यातल्या एका भागाचं नावच ‘सिंपलफोम’ आहे. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी आज रात्री ती उतरवून घेऊन सकाळी एका फाट्यातलं रक्त वाहतं करू शकते.

पण रक्त बघताना त्यात नेमकं काय बघायचं? याचं उत्तरही त्याच इंपीरिअल कॉलेजातून आलं. १९६९ साली कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की धमनीत चरबीचे थर रक्त जोरात घासतं तिथे धरत नाहीत, ते मंद घासतं तिथे धरतात. तोवर उलट समज होता. फाट्याच्या मधल्या टोकावर धार आदळते, तिथली भिंत बहुधा स्वच्छ राहते. समोरच्या, बाहेरच्या भिंतीला रक्त रेंगाळतं आणि तिथे थर धरतो. निरोगी धमनीत हे घर्षण साधारण दीड पास्कल किंवा वर असतं, ०.४ च्या खाली गेलं की धोका. एक पास्कल म्हणजे चौरस मीटरभर जागेवर जेमतेम १०० ग्रॅमचा भार. इतका हलका स्पर्श धमनीच्या अस्तरातल्या पेशींना कळतो. कालव्याची उपमा इथे थांबवावी लागते, कारण कालव्याचा काठ निर्जीव असतो. या पेशी वाहत्या धारेत लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेनं ओळीनं लागतात. धार रेंगाळली की त्यांची ओळ मोडते आणि चरबीला वाट मिळते.

स्टेंट या शब्दाचं कूळ मात्र तोंडातलं आहे. चार्ल्स स्टेंट हा लंडनचा दंतवैद्य. १८५६ साली त्यानं दातांचे ठसे घ्यायचं मिश्रण सुधारलं. पहिल्या महायुद्धात एसर या डच शल्यवैद्यानं कातडीचं कलम जागेवर धरून ठेवायला तेच वापरलं, आणि आतून आधार देणाऱ्या वस्तूला माणसाचं नाव चिकटलं. १९७७ साली ग्रुंत्सिगनं झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला. १९८६ साली फ्रान्समध्ये प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये सिगवार्ट यांनी तिथे पहिली जाळी ठेवली. खेड्यात आजही विचारतात, ‘भाऊ, नुसता फुगा मारला का स्प्रिंग टाकली?’ दोन्ही शब्द यंत्राचं काम ढोबळपणे सांगतात.

आता मरेचा आकडा आडवा येतो. स्टेंट ही एकाच व्यासाची नळी, आणि ती मूळ धमनीतून एका फाट्यात उतरते. मूळ धमनी ४ मिलिमीटरची आणि फाटा ३.२ चा. फाट्याच्या मापाची जाळी घेतली तर वरच्या भागात ती भिंतीला टेकत नाही, लोंबकळते. मूळ धमनीच्या मापाची घेतली तर फाट्याची भिंत फाटायची भीती. म्हणून जाळी फाट्याच्या मापानं बसवून वरचा भाग मोठ्या फुग्यानं पुन्हा फुगवतात. शिवाय दुसऱ्या फाट्याच्या तोंडावर तिच्या तारा आडव्या येतात. या तारा ०.१ मिलिमीटरच्या आगेमागे जाड, पण संगणकावर प्रत्येक तारेमागे भोवरा दिसतो, वाहत्या पाण्यातल्या खांबामागे शेवाळ धरावं तशी संथ जागा. दुसऱ्या फाट्यातही स्टेंट घातला की धातूचे थर एकावर एक येतात आणि अशा संथ जागा वाढतात. त्या भोवऱ्यात कप्पे तारेहूनही बारीक पाडावे लागतात, आणि हृदयाच्या धमनीत रक्त मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा भरत असल्यानं सगळा हिशेब ठोक्याच्या क्षणाक्षणाला मांडावा लागतो. त्यात तास जातात. म्हणून याचा उपयोग आज जास्त करून स्टेंट घडवताना आणि बसवायच्या पद्धती ताडून पाहताना होतो.

टेबलावर बुलढाण्याहून घाट उतरून आणलेला रुग्ण असतो तेव्हा डॉक्टरांकडे तितके तास नसतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००४ साली केवळ या फाट्यांसाठी एक मंडळ स्थापन केलं. बहुतेक रुग्णांसाठी ते एकच क्रम सुचवतं: आधी मुख्य वाहिनीत एकच स्टेंट टाका. थांबा. रंगद्रव्य सोडून दुसऱ्या फाट्यात रक्त जातंय का ते पाहा. जात असेल तर त्याला हात लावू नका. नसेल, तरच तारांच्या फटीतून फुगा घाला, आणि पुन्हा पाहा.