तंत्रनिकेतन अभियांत्रिकी पदविका (महाराष्ट्र)

माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरचा (इयत्ता दहावी) तीन वर्षांचा, सहा सत्रांचा व्यावसायिक अभ्यासक्रम. तो शिकवणाऱ्या संस्थेस तंत्रनिकेतन किंवा पॉलिटेक्निक म्हणतात. विद्यार्थी व पालक यांच्या बोलण्यात मात्र ‘डिप्लोमा’ हाच शब्द चालतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून (आयटीआय) बाहेर पडणारा कारागीर आणि पदवीधर अभियंता यांच्यामधली पर्यवेक्षकाची फळी तयार करणे हा या शिक्षणाचा मूळ हेतू. संस्थांना मान्यता अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते, प्रवेशाचे काम राज्याचे तंत्रशिक्षण संचालनालय पाहते आणि अभ्यासक्रम व परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे असतात. स्वायत्त तंत्रनिकेतने स्वतःचा अभ्यासक्रम आखतात व परीक्षाही स्वतः घेतात.

इतिहास : सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते, त्यातून जुलै १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. याच शाळेचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. गिरण्यांच्या मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (सध्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, व्हीजेटीआय) निघाली. भायखळ्याहून ती १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. तेथील यांत्रिकी ‘लायसेन्शिएट’, म्हणजे एलएमई, हे पदविकेचे आधीचे रूप होय. एलसीई, एलएमई, एलईई ही अक्षरे मागील पिढीतील अभियंत्यांच्या दारावरील पाट्यांवर दिसत. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले.

नागपूरचे शासकीय तंत्रनिकेतन १९१४ चे. त्या वेळी नागपूर मध्य प्रांतात होते. पुण्याची कुसरो वाडिया संस्था १९३८ ची. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात शासकीय तंत्रनिकेतनांची संख्या झपाट्याने वाढली : अमरावती (१९५५), पुणे (१९५७), मुंबई–वांद्रे (१९६०), आणि पुढे बहुतेक जिल्ह्यांची ठिकाणे. मुंबईत विलेपार्ले येथील श्री भागुभाई मफतलाल व भायखळ्याचे साबू सिद्दीक ही खासगी न्यासांची तंत्रनिकेतने जुनी. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाने स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीची पदविका चालवली. खेड्यातील बंधारे, रस्ते, पाणीपुरवठा डोळ्यांपुढे ठेवून आखलेला हा वेगळा प्रयोग होता.

जी. आर. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९७०–७१) देशातील तंत्रनिकेतनांच्या पुनर्रचनेचा विचार केला व उद्योगांशी सांगड घालण्यावर भर दिला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी संस्थांना परवानगी दिली. त्यानंतर साखर कारखाने, शिक्षणसंस्था व राजकीय कार्यकर्ते यांच्या पुढाकाराने तालुका पातळीवर तंत्रनिकेतने निघाली. या विस्ताराच्या गुणवत्तेविषयी मतभेद आहेत. १९९० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या तंत्रज्ञ-शिक्षण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. प्रयोगशाळांची यंत्रसामग्री तेव्हा बरीच बदलली.

मराठवाडा : छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय तंत्रनिकेतन व लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन ही प्रमुख.

मंडळ : तंत्रशिक्षण परीक्षा मंडळ १९६३ मध्ये स्थापन झाले. १९९७ च्या कायद्याने त्याचे स्वायत्त मंडळात रूपांतर होऊन १९९९ पासून ते सध्याच्या नावाने काम करू लागले. मुख्य कार्यालय वांद्रे (पूर्व) येथे. विभागीय कार्यालये मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

प्रवेश : पहिल्या वर्षासाठी प्रवेशपरीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. किमान अट ३५ टक्क्यांची असली, तरी नावाजलेल्या शासकीय संस्थेत संगणक शाखेची यादी नव्वदीच्या पुढे थांबते. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेला (कॅप) विद्यार्थी ‘राउंड’ म्हणतात : अर्ज, सुविधा केंद्रावर कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती व अंतिम यादी, मग पसंतीक्रम भरणे. वाटप झालेली जागा पक्की करायची की पुढच्या फेरीत ‘बेटरमेंट’ मागायचे, हा निर्णय येथे मोलाचा ठरतो. पसंतीक्रमात संस्था आधी की शाखा आधी, याचा विचार न करता भरलेला अर्ज पुढे तीन वर्षे निस्तरावा लागतो.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना, तसेच आयटीआय किंवा बारावी व्यवसाय अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात, प्रवेश मिळू शकतो. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. शिक्षणशुल्क माफी योजनेत (टीएफडब्ल्यूएस) मंजूर जागांच्या ५ टक्के अतिरिक्त जागा असतात. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो.

शाखा : स्थापत्य, यांत्रिकी व विद्युत या तीन मूळ शाखा, अणुविद्युत व दूरसंचार, रासायनिक, वाहन, वस्त्रनिर्माण, मुद्रण, प्लास्टिक, खाणकाम या मागणीनुसार आलेल्या. इचलकरंजीत वस्त्रनिर्माण, मुंबईत मुद्रणाची शासकीय संस्था अशी स्थानिक उद्योगाशी जोडलेली उदाहरणे आहेत. संगणक, माहिती तंत्रज्ञान व अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखांकडे विद्यार्थ्यांचा ओढा अधिक आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची असून तिचे नियम वेगळे आहेत.

काही अभ्यासक्रम ‘सँडविच’ पद्धतीचे असतात. त्यांत मधले एक-दोन सत्र कारखान्यात काढावे लागते व एकूण कालावधी वाढतो. नोकरी करणाऱ्यांसाठी काही संस्थांत अर्धवेळ पदविका आहे. मराठी–इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाचा पर्याय मंडळाने अलीकडच्या काळात खुला केला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना पहिल्या सत्रात बसणारा धक्का त्यामुळे काहीसा सौम्य होतो.

अभ्यासक्रमाची रचना : मंडळाचे अभ्यासक्रम ‘योजनां’नी ओळखले जातात व प्रत्येक योजनेला इंग्रजी अक्षराचे नाव असते. ‘आय’ योजना २०१७–१८ पासून, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी जुळवलेली ‘के’ योजना २०२३–२४ पासून लागू झाली. विषयाच्या सांकेतिक क्रमांकावरून योजना कळते : ‘आय’चे क्रमांक २२ ने सुरू होणारे पाच अंकी (मूलभूत गणित २२१०३), ‘के’चे ३१ ने सुरू होणारे सहा अंकी. पहिल्या वर्षी गणित, मूलभूत विज्ञान, इंग्रजी, अभियांत्रिकी आलेखन व कार्यशाळा. दुसऱ्या वर्षापासून शाखेचे विषय. शेवटच्या वर्षी प्रकल्प. ‘आय’ योजनेने प्रत्येक विषयात ‘मायक्रो प्रोजेक्ट’ आणला. चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. ‘के’ योजनेत आंतरवासिता बारा आठवड्यांची केली आहे.

आलेखन : पूर्वी टी-स्क्वेअर, नंतर मिनी-ड्राफ्टर, आता ऑटोकॅड. तरी पहिल्या वर्षी हाताने शीट काढण्याची पद्धत टिकून आहे. प्रक्षेप प्रथम कोन पद्धतीने काढतात. रेषांची जाडी व अक्षरे भारतीय मानकाच्या एसपी ४६ पुस्तिकेनुसार असावी लागतात. मित्राची शीट काचेखाली दिवा लावून उतरवण्याला विद्यार्थी ‘जीटी मारणे’ म्हणतात; शिक्षकांना ते रेषेच्या थरथरीवरून ओळखू येते.

कार्यशाळा : पदविका अभ्यासक्रमाचा गाभा. फिटिंग, सुतारकाम, जोडकाम (वेल्डिंग), पत्राकाम, नळकाम व लोहारकाम असे विभाग असून प्रत्येकात विद्यार्थ्याने एक ‘जॉब’ पूर्ण करून द्यावा लागतो. सुतारकामात लाकडी सांधा, वेल्डिंगमध्ये लॅप किंवा बट जोड, पत्राकामात ट्रे अथवा नरसाळे हे नेहमीचे जॉब.

फिटिंगचा ‘मेल-फीमेल’ जॉब सर्वांत कसोटीचा. सौम्य पोलादाच्या (एमएस) पट्टीचे दोन तुकडे दिले जातात. आधी एक बाजू कानशीने सपाट करून तिला काटकोनात दुसरी बाजू आणायची. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून येणारा प्रकाश कुठे उंचवटा राहिला ते दाखवतो. मग पृष्ठभागावर मोरचुदाचे द्रावण लावतात. पोलादावर तांब्याचा तांबूस थर बसतो व त्यावर स्क्राइबरची रेघ ठळक उमटते. रेघेवर पंचाने ठिपके मारून, हॅकसॉने कापून, उरलेला भाग आधी खरबरीत ‘बास्टर्ड’ कानशीने व शेवटी ‘स्मूथ’ कानशीने उतरवायचा. एका तुकड्यातील खाच दुसऱ्यातील जिभेला हातानेच बसली पाहिजे. हातोडी वापरली तर गुण गेले. जास्त घासले गेलेले पोलाद परत येत नाही, हे येथे पहिल्यांदा कळते. माप व्हर्निअर कॅलिपरने घेतात; नेहमीच्या व्हर्निअरवर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येते.

दुसऱ्या वर्षी यांत्रिकी शाखेचे विद्यार्थी लेथवर येतात : फेसिंग, टर्निंग, टेपर, नर्लिंग, आटे पाडणे. शिकवण्याचे काम प्रामुख्याने कार्यशाळा निदेशक करतात. ते बहुधा आयटीआय होऊन अनुभवाने वर आलेले असतात. त्यांच्या कामाची नोंद शिक्षणविषयक लेखनात क्वचितच आढळते.

परीक्षा : वर्षातून दोन, उन्हाळी व हिवाळी. ‘आय’ योजनेतील लेखी परीक्षा ७० गुणांची व सत्रातील प्रगतीचे ३० गुण. उत्तीर्णतेला ४० टक्के लागतात. ७० गुणांच्या प्रश्नपत्रिकेची घडण अशी : पहिल्या प्रश्नात सातपैकी पाच उपप्रश्न, प्रत्येकी २ गुण, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांत प्रत्येकी ४ गुणांचे तीन उपप्रश्न, पाचव्या व सहाव्यात तीनपैकी दोन, प्रत्येकी ६ गुण. म्हणजे १० अधिक पाच प्रश्नांचे १२ प्रमाणे ६०. अभ्यासक्रमपुस्तिकेतील तक्त्यात प्रत्येक प्रकरणाचे गुण स्मरण, आकलन व उपयोजन अशा तीन पातळ्यांत विभागलेले असतात. मंडळ जुन्या प्रश्नपत्रिकांबरोबर नमुना उत्तरेही प्रसिद्ध करते. विद्यार्थ्यांचा मुख्य भर त्यांच्यावरच असतो. प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो. त्याआधी जर्नलवर सही मिळवण्यासाठी जी धावपळ होते तिला ‘सबमिशन’ म्हणतात. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिल्यास पुढील सत्रात बसू देतात (एटीकेटी). मर्यादा ओलांडल्यास वर्ष वाया जाते. ७५ टक्क्यांपुढे विशेष प्रावीण्य, ६० पुढे प्रथम श्रेणी.

महिला तंत्रनिकेतने : मुंबईत जुहू येथे श्रीमती ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठाचे प्रेमलीला विठ्ठलदास तंत्रनिकेतन. लातूर, यवतमाळ व तासगाव येथे शासकीय महिला निवासी तंत्रनिकेतने.



पदविकेनंतरचे पर्याय : (१) नोकरी. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषदा, रेल्वे व वीज कंपन्या येथे कनिष्ठ अभियंता अथवा समकक्ष पदे. खासगी उद्योगांत ‘डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी’. शासकीय सेवेत पदविकाधारक व पदवीधर यांच्या बढतीच्या प्रमाणावरून वाद झाले असून काही न्यायालयात गेले. (२) शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन पदविकाधारकांचा समावेश झाला. एक वर्षाचे हे प्रशिक्षण पश्चिम भारतात मुंबईचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ (बोट) पाहते. (३) परवाने व विशेष पात्रता. विद्युत शाखेला पर्यवेक्षक परवाना. यांत्रिकीला अनुभवानंतर बाष्पकाच्या (बॉयलर) परीक्षा, ज्यांना साखर कारखान्यांत मागणी असते. मंडळाची औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची प्रगत पदविका (एडीआयएस) सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी उपयोगी पडते. (४) पदवी. अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, पदविकेच्या गुणांवर. त्यासाठी मंजूर जागांच्या १० टक्के जादा जागा व पहिल्या वर्षातून रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. (५) इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई परीक्षा. नोकरी सांभाळून पदवीची बरोबरी गाठण्याचा हा जुना मार्ग. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांच्या समकक्षतेचा प्रश्न निर्माण झाल्याने त्याचे महत्त्व घटले.

मूल्यमापन : पर्यवेक्षक घडवण्यासाठी सुरू झालेली पदविका आज अनेकांच्या दृष्टीने पदवीकडे जाणारी बाजूची वाट झाली आहे. अकरावी–बारावी व सीईटी टळते, एक वर्षही जात नाही, हे तिचे आकर्षण. तोटा गणितात दिसतो : पदवीच्या पहिल्या वर्षातील एम-वन, एम-टू न शिकता विद्यार्थी थेट एम-थ्रीला भिडतो व तेथेच बहुधा अडखळतो. उलट यंत्रशाळेत व आलेखनात तो बारावीहून आलेल्यांच्या पुढे असतो, असा शिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. हा फायदा पदविकेच्या कार्यशाळेत कमावलेला असतो. जेथे कार्यशाळेचे तास कागदावरच भरतात तेथे तो मिळत नाही. म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने संस्थेची कार्यशाळा चालू तासाला जाऊन पाहावी आणि लेथ किती आहेत यापेक्षा त्यांतले चालू किती आहेत ते विचारावे.