पेटीतले गुपित

1940च्या ऑगस्टअखेरची सकाळ. लंडनच्या यूस्टन स्टेशनात एक तरुण वेल्श शास्त्रज्ञ हमालामागे धावत होता. हमालाच्या खांद्यावर काळी पत्र्याची पेटी होती आणि तो गर्दीत दिसेनासा झाला होता! शास्त्रज्ञाचे नाव एडवर्ड बोवेन. पेटीत होती ब्रिटनची सर्वांत मोलाची लष्करी गुपिते, आणि ती चालली होती अमेरिकेला. परदेशाला, तेही त्या वेळी युद्धात न उतरलेल्या!

त्या पेटीतला मॅग्नेट्रॉन म्हणजे हातात मावणारा तांब्याचा ठोकळा. मधोमध एक पोकळी, तिच्याभोवती लहान पोकळ्यांचे कडे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत तो पहिल्यांदा चालवून दाखवला होता. यातून सुमारे 10 सेंटिमीटर लांबीचे जोरदार रेडिओतरंग निघत. त्यामुळे विमानात मावेल एवढ्या रडारलाही रात्री नेमके दिसू शकणार होते. वेम्ब्लीच्या जनरल इलेक्ट्रिक या ब्रिटिश कंपनीत एरिक मेगॉ यांनी तो विमानात नेण्याजोगा केला. पण बॉम्बच्या छायेतल्या ब्रिटनला हजारोंनी मॅग्नेट्रॉन बनवणे कठीण होते. म्हणून ही पेटी.

6 ऑक्टोबरला न्यू जर्सीत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मॅग्नेट्रॉन सुरू केला. जमलेले तज्ज्ञ थक्क झाले. मग नक्कल करायची म्हणून त्याचा क्ष-किरण फोटो काढला, तर आराखड्यात सहा पोकळ्या आणि फोटोत आठ! बोवेन यांची बोलतीच बंद. मेगॉ यांना विचारल्यावर उलगडा झाला. बारावा नमुना त्यांनी आठ पोकळ्यांचा केला होता आणि पेटीत नेमका तोच आला होता. बेलने तोच जसाच्या तसा उतरवला.

खरी अडचण पुढे आली. अखंड तांबे कोरून हे काम करायचे, तेही सोनाराच्या काटेकोरपणाने. लष्कराला घाई, आणि कारागीर किती पुरे पडणार? इथे रेडिओच्या नळ्या करणारी रेथिऑन ही त्या मानाने छोटी कंपनी पुढे आली. तिथले पर्सी स्पेन्सर लहानपणीच शाळा सोडून गिरणीत लागलेले. त्यांनी कोरणेच सोडून दिले. तांब्याच्या पातळ चकत्या साच्यात कापायच्या, थरावर थर रचायचे, मध्ये डाखाचे पातळ पत्रे घालायचे आणि भट्टीतून काढायचे. एखाद्या विद्वानाला हे सुचले असते का, अशी मला शंका आहे. युद्ध संपता संपता रेथिऑन दिवसाला 2600 मॅग्नेट्रॉन बनवत होती.

फेब्रुवारी 1943मध्ये रॉटरडॅमजवळ एक ब्रिटिश विमान पडले आणि मॅग्नेट्रॉन जर्मनांच्या हाती लागला. गुपित फुटले, पण फार उशिरा. पाणबुड्यांवरचे इशारा देणारे यंत्र 10 सेंटिमीटरचे तरंग ओळखतच नव्हते. त्या मे महिन्यात जर्मनीने 41 पाणबुड्या गमावल्या.

रँडल, बूट आणि त्यांचे सहकारी जेम्स सेयर्स यांना युद्धानंतर ब्रिटिश सरकारने तिघांत मिळून 36,000 पौंड दिले. रेथिऑनने 1947मध्ये त्याच मॅग्नेट्रॉनवर अन्न शिजवणारी भट्टी बाजारात आणली. ती माणसाएवढी उंच होती, आणि वजन होते सुमारे 340 किलो.